नेटवर्क केबलवर ‘कॅट ६’ छापलं की आत काहीही भरायचं का?

पावसाची सर आली आणि बाहेरचा कॅमेरा गेला. बॉक्स उघडला तर आत पाणी, कनेक्टरच्या पिना हिरव्या. केबल जरा वाकवली तर आवरण तडातडा तडकलं. घरातली पीव्हीसीची केबल उन्हात टांगल्यावर दुसरं काय होणार? पण खरा संताप पुढे आला. तार ब्लेडने खरवडली तर तांब्याचा नुसता मुलामा! खाली पांढरंफटक ॲल्युमिनियम. आवरणावर मात्र ठसठशीत ‘कॅट ६’, म्हणजे नेटवर्क केबलची मानकात ठरलेली श्रेणी.

केबल टाकणाऱ्याला फोन केला. म्हणे, ‘इतके दिवस चाललं ना? केबल ती केबल, सगळी सारखीच.’

सारखीच? अरे, ॲल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम ६१ टक्के वीज वाहून नेतं! त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही द्यायची, म्हणजे लांब अंतरावर व्होल्टेज पडणार, केबल तापणार. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट का व्हायचा, ते आता कळलं. तेव्हा हाच माणूस ‘कॅमेरा खराब आहे, बदला’ म्हणत होता! सीसीएला, म्हणजे अशा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलला, ‘कॅट ६’ म्हणताच येत नाही, मानकाला शुद्ध तांबंच लागतं. ही सरळसरळ फसवणूक आहे.

बाहेर काळी, पॉलिथिलीन आवरणाची, यूव्ही सोसणारी केबल लागते. जमिनीखालून न्यायची तर जेल भरलेली. हे त्याला आधीच बजावलं होतं. ‘हो हो’ म्हणाला आणि राखाडी केबल टांगून गेला.

आणि ते ‘कॅट ८ घ्या, स्पीड वाढेल’ म्हणणारे! कॅट ८ चा तो ४० गिगाबिटचा वेग ३० मीटरपर्यंतच, तोही डेटा सेंटरसाठी. घरात गिगाबिटला तांब्याची कॅट ५ई १०० मीटरपर्यंत पुरते. शील्डेड, म्हणजे आत धातूचं वेष्टन असलेली केबल विकतात आणि तिला लागणाऱ्या अर्थिंगचं नावही काढत नाहीत. गिगाबिटला आठही तारा लागतात, तर हे चार तारांवर इंटरनेट, उरलेल्या चारांवर दुसरं काहीतरी जोडून जातात. मग वेग १०० मेगाबिटवर अडकला की राउटरला शिव्या.

आता भिंत पुन्हा फोडायची, पाइपातून सगळी केबल ओढून काढायची. या वेळी रीळ माझ्यासमोर उघडायचं, तार माझ्यासमोर खरवडायची, आतून पांढरं दिसलं तर रीळ उचलून चालतं व्हायचं.