फुकट खाऊन सुस्तावतात म्हणे!

निर्वासितांबद्दलचा एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: छावणीत सगळं फुकट मिळतं म्हणून ही माणसं हातपाय हलवत नाहीत; रोख दिली तर पुरुष दारूत उडवतात; बायका तिथे सुरक्षितच असतात, मग त्यांच्यासाठी वेगळा खर्च कशाला?

'सगळं फुकट' म्हणजे किती, ते आधी पाहू. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या छावण्यांतल्या रोहिंग्यांना संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडून माणशी महिन्याला 12 डॉलरचं रेशन मिळायचं. 2023 मध्ये निधी आटला. मार्चपासून 10, जूनपासून 8 डॉलर. म्हणजे दिवसाला 27 सेंट. पुढे रक्कम वाढवली, पण छावणीबाहेर कामधंदा करायची परवानगी नाही ती नाहीच. युगांडात कायद्यानेच कामाची मुभा आहे, वस्तीत जमिनीचा तुकडाही देतात, तर तिथले निर्वासित शेती करतात, दुकानं टाकतात.

दारूचं म्हणाल तर जागतिक बँकेच्या इव्हान्स आणि पोपोवा यांनी 2014 मध्ये देशोदेशीचे अभ्यास एकत्र तपासले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. विषय संपला.

राहिली सुरक्षितता. मदतकार्याच्या 'स्फिअर' मानकांत 20 माणसांमागे एक संडास, आतून लागणारी कडी, उजेड, अशा बारीकसारीक गोष्टी लिहिल्यात. कारण कडी नसेल, वाटेवर अंधार असेल, तर बाई संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडते. सुदानच्या दार्फुर भागात सरपणासाठी छावणीबाहेर पडलेल्या बायकांवर हल्ले व्हायचे. कॉक्स बाजारमध्ये 2018 पासून घरोघरी गॅस दिला, तेव्हा जंगलातल्या खेपा कमी झाल्या. 'वेगळा खर्च' म्हणतात तो हाच: कडी, दिवा, सिलिंडर.

मदतीला नावं ठेवायचीच तर खरी जागा त्या मजकुराला सापडलेलीच नाही. काँगोतल्या इबोलाच्या साथीत मदतीला आलेल्यांनीच बायकांचं लैंगिक शोषण केल्याचे आरोप झाले. 2021 च्या स्वतंत्र चौकशीत 83 संशयित निघाले, त्यांतले 21 जण जागतिक आरोग्य संघटनेने कामावर ठेवलेले. नोकरीचं आमिष हा नेहमीचा मार्ग. अशा शोषणाला मनाई करणारे नियम 2003 पासून संयुक्त राष्ट्रांच्या कागदावर होतेच. पण ज्याच्या हातात नोकरी किंवा रेशन, त्याच्याच कचेरीत तक्रार द्यायची असेल, तर कोणती बाई जाईल?