मालक असल्याचा पुरावा

हप्ते आपण फेडायचे, पेट्रोल आपण भरायचं, आणि एका सकाळी गाडीनं आपल्यालाच चोर ठरवायचं, याला इमोबिलायझर म्हणतात: किल्ली ओळखीची वाटली नाही तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा. स्टार्टर झोकात फिरतो, इंजिन क्षणभर हुंकारतं आणि गप्प बसतं. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र डोळे मिचकावत राहतं. धक्का मारू नका. गाडीनं इंधन आणि स्पार्कच रोखलाय; दमेल तो फक्त वॉचमन.

मग सोसायटीतला प्रत्येक जण सांगतो, "किल्लीचा सेल बदला." फिरवायच्या किल्लीत तो सेल दरवाजांपुरता. इंजिनला हवी असते किल्लीच्या डोक्यातली चिप, आणि ती बिनसेलाची. कुलपाभोवतीची कॉइल १२५ किलोहर्ट्‌झवर तिला ऊर्जा देते, तेव्हा ती आपला नंबर सांगते. म्हणून माझं पहिलं औषध फुकटचं: जुडग्यातली दुसऱ्या गाडीची किल्ली आणि तो पावशेराचा पितळी गणपती काढा. शेजारी दुसरी चिप किंवा धातू असला की कॉइलला नीट ऐकू येत नाही. मग घरातली दुसरी किल्ली लावा. तिनं गाडी चालू झाली तर मॉड्यूल, म्हणजे किल्ली वाचणारा इमोबिलायझरचा डबा, निर्दोष. दोन्ही नापास झाल्या तर बॅटरी, फ्यूज, कॉइलचा कनेक्टर, याच क्रमानं. स्कॅनरवर पी०५१३ हा बिघाडाचा कोड दिसला की "मॉड्यूल गेलं" म्हणणारे पुष्कळ. त्या कोडचा अर्थ एवढाच, की ही किल्ली पटली नाही.

मॉड्यूल खरंच गेलं असेल तर आधी त्याची पिढी विचारा. ह्युंदाईचं स्मार्ट्रा नावाचं जुनं मॉड्यूल निव्वळ निरोप्या: काढा, नवं लावा, झालं. स्मार्ट्रा-३ मात्र पासवर्ड पोटात ठेवतं, त्याला शिकवावं लागतं. भंगारातलं आणलंत तर आधीच्या गाडीच्या पिननं त्याचा काडीमोड करावा लागतो. कुर्ल्याला गाडीचं काहीही मिळेल, तो पिन मिळायचा नाही.

शिकवणीला, म्हणजे मॉड्यूल आणि किल्ल्यांची गाडीशी ओळख करून द्यायला, बसण्यापूर्वी बॅटरी १२.५ व्होल्टच्या वर हवी, नसेल तर चार्जर जोडा. दिवे, एसी, गाणी बंद. अर्ध्यात व्होल्टेज पडला तर शिकवणी अर्धवट, आणि अर्धवट शिकलेल्यांचा त्रास आपल्याला ठाऊक आहेच. सहा आकडी पिन डीलरकडून, आरसी आणि ओळखपत्र दाखवून. पिन तीनदा चुकला की तासभर कुलूप. "अजून एकदा बघू का?" म्हणणाऱ्याला त्या तासात चहा आणायला पाठवावं.

शेवटी सगळ्या किल्ल्या एकेक करून लावायच्या, जास्तीत जास्त चार. हजर नसलेलीचं नाव रेशनकार्डावरून कमी. तेव्हा एक किल्ली मेहुण्याकडे असेल तर आधी मेहुण्याला बोलवा.

आणि एवढं करून चोरानं गाडी टोइंग करून नेली, तर विमा कंपनी आपल्याकडेच दोन्ही किल्ल्या मागते.