कापडी पिशवी ७ हजार वेळा वापरायची?

'कापडी पिशवी ७ हजार वेळा वापराल तरच ती प्लॅस्टिकपेक्षा बरी' असा मेसेज फिरतोय. आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालातला हा आकडा, नेमका ७१००. तो नव्या सुती पिशवीचा, आणि सगळ्या निकषांतला सर्वांत वाईट, म्हणजे ओझोन थराच्या हानीचा. हवामानबदलापुरतं पाहिलं तर त्याच अहवालात ५२ वेळा पुरे. शिवाय तिथे प्लॅस्टिकची पिशवी शेवटी कचऱ्याच्या डब्यात लावतात आणि भट्टीत जाळतात, असं धरलंय. उघड्यावर पडणाऱ्या पिशव्यांचा हिशेबच त्यात नाही. आपल्याकडे त्या नाल्यात तुंबतात, गाईच्या पोटात जातात.

मुख्य म्हणजे हा बोजा कापूस पिकवण्या-विणण्याचा आहे. बचत गटाच्या बायका जुन्या साडीची, चादरीची पिशवी शिवतात, तेव्हा नवा कापूस लागतच नाही. बंद दुहेरी शिवला की पाच किलो बटाटेही निभतात.

लग्नात आणि निवडणुकीत नवी कोरी छापील पिशवी वाटणाऱ्यांनी मात्र तो अहवाल जरूर वाचावा.