आक्षेप नागार्जुनानेच लिहून ठेवलाय, उत्तरासकट

‘शून्यवाद म्हणजे जगात काहीच खरं नाही. काहीच खरं नाही, तर पाप-पुण्यही नाही. बुद्धांचा मध्यम मार्ग साधा होता, कुठलंही टोक गाठू नका एवढाच. नागार्जुनाने त्याचं तर्कट केलं. म्हणून ग्रंथ बाजूला ठेवा, मन रिकामं करा, तीच शून्यता.’ बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाविषयी या आशयाचा मजकूर हल्ली फार फिरतो. चांगली, मनापासून वाचणारी माणसं तो पुढे पाठवतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

पहिल्या दोन वाक्यांची गंमत अशी, की ती नागार्जुनाच्या ग्रंथातच आहेत. त्याच्या ‘मूलमध्यमककारिके’ची २७ प्रकरणं आहेत. त्यातलं २४वं, आर्यसत्यपरीक्षा, उघडतं तेच आक्षेपाने: हे सगळं शून्य असेल तर उत्पत्ती नाही, लय नाही, चार आर्यसत्यं नाहीत, धर्म नाही, संघ नाही, बुद्धसुद्धा नाही. पहिल्या सहा कारिका, म्हणजे श्लोक, हा पूर्वपक्ष आहे, आक्षेप घेणाऱ्याची बाजू. सातवीत नागार्जुन सांगतो: शून्यतेचं प्रयोजन, शून्यता आणि तिचा अर्थ तुला कळलेला नाही, म्हणून तू असा अडचणीत सापडतोस. फिरणारा मजकूर प्रतिपक्षाचं म्हणणं उचलून ते नागार्जुनाच्या तोंडी घालतो.

मग नाकारलंय काय? ‘स्वभाव’. हा शब्द मराठी वाचकाला हमखास चकवतो, कारण आपण तो माणसाच्या वृत्तीसाठी वापरतो. इथे त्याचा अर्थ आहे कशाच्याही आधाराविना, स्वतःच्याच बळावर असणं. बैलगाडी घ्या. चाकं, आस, साटी, जू, सुताराचे हात, आणि ‘गाडी’ म्हणणारे आपण, हे सगळं वगळून उरलेली गाडी दाखवता येईल का? नाही. पण म्हणून ती ऊस वाहायची थांबते का? ‘विग्रहव्यावर्तनी’ या दुसऱ्या ग्रंथात नागार्जुन स्वतः हेच सांगतो: रथ, घडा, वस्त्र हे निःस्वभाव आहेत, तरी रथ लाकूड वाहतो, घड्यात दूध राहतं, वस्त्र थंडी अडवतं. २४व्या प्रकरणातली १८वी कारिका तर स्पष्टच आहे: जो प्रतीत्यसमुत्पाद (प्रत्येक गोष्ट इतर कारणांच्या आधाराने घडणं), त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो.

पाप-पुण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे उलटंच घडतं. दुःख स्वभावतः असेल तर ते संपणार कसं? मार्ग स्वभावतः असेल तर त्याचा अभ्यास कसला करायचा? जे शून्य नाही त्याचं करायचं तरी काय उरलं, असा प्रश्न नागार्जुन विचारतो. स्वभाव कुणी करू शकत नाही. माणूस बदलू शकतो, चुकलेला सावरू शकतो, तो बदलाला वाव आहे म्हणून. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनीही हेच लिहिलं: शून्यता म्हणजे सर्वस्वी नास्तिवाद नव्हे, तिच्यामुळेच सारं काही शक्य होतं. आणि नागार्जुनाच्या नावावरची ‘रत्नावली’ पाहा. परंपरेप्रमाणे ती एका सातवाहन राजाला केलेला उपदेश आहे. त्यात आंधळ्यांची, रोग्यांची, अनाथांची काळजी घ्यायला सांगितलंय. वाटसरूंसाठी छत्री, पादत्राणं, काटा काढायचा चिमटा, सुईदोरा ठेवायला सांगितलाय. मुंग्यांच्या वारुळाशी धान्य-पाणी ठेवायलासुद्धा. पाप-पुण्य नाकारणारा माणूस मुंग्यांची चिंता कशाला वाहील?

मध्यम मार्ग म्हणजे सुवर्णमध्य, हा समज तर फारच रुजलाय. पहिल्या प्रवचनात बुद्धांनी सुखोपभोग आणि आत्मक्लेश ही दोन टोकं सोडायला सांगितली, पण दोन्ही अर्धं-अर्धं घ्या असं नाही. त्यांनी अष्टांगिक मार्ग सांगितला. संयुत्त निकाय या पाली ग्रंथातल्या कच्चानगोत्त सुत्तात तर टोकं वेगळीच आहेत: ‘सगळं आहे’ हे एक, ‘काहीच नाही’ हे दुसरं. नागार्जुन १५व्या प्रकरणात याच उपदेशाचा नाव घेऊन हवाला देतो. त्याने बुद्धांचा रस्ता सोडला म्हणणाऱ्यांनी तेवढी एक कारिका तरी पाहावी. कारिका कठीण आहेत, हे मात्र कबूल. दोन ओळींत इतकं कोंबलेलं असतं की टीकेवाचून, म्हणजे भाष्यावाचून, पुढे सरकता येत नाही.

राहिलं ग्रंथ ठेवून मन रिकामं करणं. व्यवहाराचा, म्हणजे रोजच्या बोलण्या-वागण्याचा, आधार न घेता परमार्थ, म्हणजे अंतिम सत्य, सांगताच येत नाही, असं तीच २४व्या प्रकरणातली दहावी कारिका म्हणते. आणि शब्द व्यवहारातलेच, म्हणून ग्रंथ टाकून चालत नाही. शून्यता सगळ्या दृष्टींतून, म्हणजे घट्ट धरलेल्या मतांतून, सुटण्यासाठी सांगितली, पण जे शून्यतेचीच दृष्टी करून बसले त्यांना असाध्य म्हटलंय, हे १३व्या प्रकरणात येतं. त्यावर ७व्या शतकातला त्याचा भाष्यकार चंद्रकीर्ती एक दृष्टान्त देतो. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, ‘तुला द्यायला माझ्याकडे काही नाही.’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘बरं, मग ते ‘काही नाही’च द्या.’ माल नाही, हे या माणसाला आता कोणत्या उपायाने समजवायचं, असं चंद्रकीर्ती विचारतो.