हॅन्चर बंद नव्हतं, इमारत बंद होती

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचं हॅन्चर सभागृह २००८च्या पुरानंतर आठ वर्षं बंद होतं, असं सांगितलं जातंय. ते खरं नाही. जून २००८मध्ये आयोवा नदीचं पाणी शिरलं आणि १९७२ची इमारत कायमची गेली, एवढं बरोबर. हॅन्चर या नावाने होणारे कार्यक्रम मात्र थांबले नाहीत. नृत्य, नाटक, संगीत गावातल्या आणि आसपासच्या दुसऱ्या सभागृहांत होत राहिलं. मला तर हाच काळ सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण हॅन्चर स्वतःच लोकांच्या दारी गेलं. वास्तुरचनाकार सेझार पेली यांच्या संस्थेने आखलेली नवी वास्तू २०१६मध्ये उघडली, जुन्या जागेजवळच, पण अधिक उंचावर. आणि हॅन्चर ‘फक्त विद्यार्थ्यांसाठी’ आहे असंही म्हणतात, तेही खरं नाही, तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं.