अमेरिकेचा दाखला देण्याआधी

धर्म न बदलता लग्न करू देणाऱ्या विशेष विवाह कायद्याच्या तीस दिवसांच्या नोटिशीवर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: 'अहो, अमेरिकेत तर नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून कोण कोणत्या कुशीवर झोपतं तेही विचारतात. मग आपल्याकडे महिनाभर एक कागद भिंतीवर लावला तर एवढा गहजब कशाला?' आंतरधर्मीय लग्नांवर नवा कायदा हवा म्हणणारेही आता हाच दाखला देतात. दाखला देणाऱ्यांपैकी काहींचा भाचा अमेरिकेत असतो, काही स्वतःच इथे अमेरिकेत असतात. राग येतो तो या दुसऱ्यांचा, कारण फरक त्यांना चांगला माहीत असतो.

फरक असा. न्यूयॉर्क शहरात लग्न करायचं तर सिटी क्लर्ककडे दोघांनी जायचं, ओळखपत्रं दाखवायची, ३५ डॉलर भरायचे आणि २४ तास थांबायचं. टेक्सासात ७२ तास. नेवाडात तेवढंही नाही. आईवडिलांना कोणी कळवत नाही, भिंतीवर काही लावत नाही. आपल्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आधी दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात तीस दिवस मुक्काम लागतो. मग नोटीस कचेरीत लावली जाते, आणि कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिची प्रत तिकडेही जाते. आक्षेप कोणीही घेऊ शकतो. कायद्यात आक्षेपाची कारणं मोजकी आहेत: वय, आधीचा हयात जोडीदार, मानसिक अक्षमता, निषिद्ध नातं. जात, धर्म, मामांची नाराजी यांतलं काहीही त्यात बसत नाही. पण नोटिशीचा खरा उपयोग आक्षेपासाठी होतच नाही. पत्ता घरी पोचतो, मग घरचे पोचतात. २०२१ च्या जानेवारीत अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही जाहीर नोटीस जोडप्याच्या मर्जीवर सोडली, तेव्हा कारण हेच होतं. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात उलट आंतरधर्मीय लग्न केलेल्या जोडप्यांची माहिती गोळा करणारी समितीच नेमली. शासन निर्णयात आधी आंतरजातीय लग्नंही होती. ओरड झाल्यावर ती वगळली.

अमेरिकन सरकार जे तपासतं ते लग्न नव्हे, फाइल. नागरिक जोडीदाराने भरलेला आय-१३०, म्हणजे नात्याचा अर्ज, नामंजूर झाला तरी लग्न जागच्या जागी राहतं. ग्रीन कार्ड मिळत नाही, एवढंच. लग्न आधी, चौकशी नंतर, आणि तीही ज्यांनी सरकारकडे काही मागितलं त्यांचीच. हे न समजता बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीचं उदाहरण तालुक्याच्या नोटीस बोर्डाला चिकटवणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

आता ती चौकशी कशी असते ते नीट सांगायला हवं, कारण दाखला देणारे तिथवर कधी जात नाहीत.

पहिला प्रश्न: अर्ज करणारा नागरिक आहे की ग्रीन कार्डधारक? नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे थांबायचं ते फक्त कचेरीच्या वेगाने. ग्रीन कार्डधारकाची बायको किंवा नवरा एफ-२ए या रांगेत जातो, आणि तिथे दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमधली तारीख आपल्या अर्जाच्या तारखेपर्यंत येण्याची वाट बघावी लागते. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'जीसी' लिहिलेला मुलगा आणि 'सिटिझन' लिहिलेला मुलगा यांतला फरक लग्न ठरवताना पगारावरून जोखतात. खरा फरक हा आहे. जीसीवाल्याची बायको लग्नानंतर पुण्यातच राहते, आणि टूरिस्ट व्हिसा मागायला गेली की कायम राहायचा इरादा दिसतो म्हणून बहुधा परत येते. नवरा मध्येच नागरिक झाला तर रांग बदलते, पण ते नॅशनल व्हिसा सेंटरला, म्हणजे वकिलातीकडे जाणाऱ्या फाइली सांभाळणाऱ्या कचेरीला, आपण होऊन कळवावं लागतं.

नागरिकाचा जोडीदार अमेरिकेतच कायदेशीर आलेला असेल तर आय-१३० आणि आय-४८५, म्हणजे खुद्द ग्रीन कार्डचा अर्ज, एकत्र पाठवता येतात. २०२४ च्या एप्रिलपासून आय-४८५ ला १,४४० डॉलर लागतात. आय-१३० कागदावर ६७५, ऑनलाइन ६२५. पूर्वी कामाचा परवाना आणि प्रवासाचा परवाना याच फीमध्ये येत. आता आय-७६५ चे २६० आणि आय-१३१ चे ६३० वेगळे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरपासून चेक चालत नाही: कार्ड, नाहीतर थेट खात्यातून. जुन्या आवृत्तीचा फॉर्म, सहीची रिकामी जागा, चुकलेली फी, यांतलं काहीही झालं तर पाकीट न वाचता परत. वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ पूर्वी लोक मुलाखतीपर्यंत मागे ठेवत. २०२४ च्या डिसेंबरपासून तो आय-४८५ सोबतच लागतो.

सर्वांत जास्त फाइली अडतात त्या प्रेमावर नाही, आय-८६४ वर. हा आर्थिक हमीचा कागद. कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांसाठी वर्षाला २६,४३७ डॉलर. चुका ठरलेल्या असतात: घरातली माणसं मोजताना आधीच्या हमीतला माणूस विसरणं, टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (कर खात्याचा उतारा) न जोडणं, मुंबईत राहणाऱ्या नागरिकाने अमेरिकेत परत राहायला येणार असल्याचा पुरावा न देणं. मग पुरावा मागणारं पत्र येतं आणि जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात. आणि ही हमी घटस्फोटाने संपत नाही. जोडीदार नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत, किंवा तो देश कायमचा सोडेपर्यंत, किंवा दोघांपैकी एक मरेपर्यंत ती गळ्यात असते. सात जन्मांच्या गोष्टी करणाऱ्यांनी आय-८६४ एकदा वाचावा.

यानंतर आपला खास महाराष्ट्रीय घोळ: नाव. पासपोर्टवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर कधी लग्नानंतरचं नाव, नवऱ्याचं नाव मधे. लग्नात सासरच्यांनी पहिलं नावही बदललं असेल तर पत्रिकेवर, आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर तीन बायका दिसतात. जन्मदाखल्यात नावाची जागाच कोरी असते ते वेगळंच. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: फाइल पूर्ण होईपर्यंत पासपोर्टवरचं नाव बदलू नये, सगळीकडे तेच लिहावं, आणि बाकीची सगळी नावं 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात न लाजता भरावीत. मराठी कागदांना पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. ते दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणीही करून, अचूक असल्याचं लिहून सही केली की पुरतं. नोटरीला पैसे द्यायची गरज नाही, तरी गावोगाव नोटरी घेतातच. देवस्थानाचं किंवा मंगल कार्यालयाचं प्रमाणपत्र पुरावा म्हणून जोडावं, पण मुख्य कागद सरकारी नोंदणीचाच. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं होतं. आजही किती घरांत ती व्हिसाची तारीख आली की आठवते!

तारखेचाही गोंधळ होतो. मार्चमध्ये नोंदणी आणि डिसेंबरात हॉलवर समारंभ केला, तर कायद्याने लग्न मार्चचं. मुलाखतीत एकजण मार्च आणि दुसरा डिसेंबर म्हणाला की अधिकाऱ्याची भुवई उंचावते. फियान्सी व्हिसाचं, म्हणजे अमेरिकेत जाऊन लग्न करणाऱ्यांच्या के-१ चं, याच्या उलट. तिथे लग्न झालेलंच नसावं लागतं, आणि आपला साखरपुडा फोटोंत लग्नासारखा दिसतो. हार, अक्षता, मुंडावळ्या, चारशे पानं. वकिलातीला वाटतं लग्न उरकलंय, आणि के-१ नाकारला जातो.

आता ते 'वेगवेगळं बसवणं'. हे सरसकट होत नाही. बहुतेक जोडप्यांना एकत्र बसवून भाड्याचा करार, संयुक्त टॅक्स रिटर्न, विम्यावरचं वारस म्हणून नाव, बँकेचं खातं एवढंच बघतात. खातं दोघांच्या नावे आहे पण वर्षभरात त्यात व्यवहारच नाहीत, हे खातं नसण्यापेक्षा वाईट दिसतं. शंका आली तरच दोघांना वेगळं करून तेच प्रश्न विचारतात: कचऱ्याचा दिवस कोणता, सकाळी आधी कोण उठतं. न्यूयॉर्कमध्ये याला स्टोक्स मुलाखत म्हणतात, आणि ते नाव आलं १९७६ च्या एका खटल्यातून, जिथे सरकारला या चौकशीचे नियम बांधून घ्यावे लागले. म्हणजे वकील सोबत नेता येतो, विसंगती दिसली तर खुलासा करायची संधी मिळते. चौकशीलाही कोर्टाने कुंपण घातलं. आपल्या नोटीस बोर्डासमोर उभ्या मुलीला असं कुंपण कुठलं?

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं तर ते दोनच वर्षांचं असतं. १९८६ च्या कायद्याने हे आलं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ही दोन वर्षांची अट काढायचा अर्ज, भरून पुन्हा सगळे पुरावे द्यायचे. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. कायदा कडक आहे, पण कोणाला लागू आहे ते छापलेलं आहे.

इथवर अमेरिकेची बाजू घेऊन झाली. पण उत्पन्नाची अट श्रीमंताला कागद आहे आणि गॅस स्टेशनवर काम करणाऱ्याला भिंत. २०२५ च्या अखेरीस सॅन दिएगोत नागरिकांच्या जोडीदारांना, व्हिसाची मुदत उलटली म्हणून, मुलाखतीच्याच ठिकाणी ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. वर्षानुवर्षं अशा जोडीदारांची मुदत उलटलेली माफ व्हायची. कायदा तोच आहे, वागणूक बदलली. तेव्हा 'आमच्या इथे सगळं नियमाने' हे वाक्य आता पूर्वीइतकं ठणकावून म्हणता येत नाही, आणि ते म्हणताना 'आमच्या' कोणाच्या हा प्रश्न उरतोच.

फाइल चालू असलेल्या माणसाची गोम अशी की तो दोन्हीकडच्या वादांत तावातावाने बोलतो आणि दोन्हीकडे त्याचं वजन शून्य. इथे मत नाही. भारतात नाव अनिवासी मतदार म्हणून यादीत घालता येतं, फॉर्म ६ए भरून. पण मत द्यायला केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. आणि आय-४८५ प्रलंबित असताना प्रवासाचा परवाना हातात येण्याआधी देश सोडला तर अर्जदाराने अर्ज सोडला असं धरतात. एच-१बी, एच-४ आणि एल वाल्यांना (नोकरीच्या व्हिसावर आलेले आणि त्यांचे कुटुंबीय) यातून सूट आहे, व्हिसा चालू असेल तोवर. बाकीच्यांनी घरच्या कायद्याबद्दल चिडून लिहावं, ज्या मतदारसंघाबद्दल लिहितोय तिथे निवडणुकीला जाऊ नये.