नाटक न दुखावता नाट्यगृहाचा भार कमी होतो : एका फिरत्या मजकुराला उत्तर

गोव्यातल्या नाट्यमंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा : पर्यावरणाच्या नावाखाली नाट्यगृहांत एसी कमी करणार, दिवे बदलणार, नेपथ्यावर बंधनं आणणार आणि त्यात हौशी नाटक मरणार. एवढं करून वाचणार काय? कसिनो आणि हॉटेलांपुढे नाट्यगृहाचा वाटा शून्य. करायचंच असेल तर छपरावर सोलर लावा, तिकिटं मोबाइलवर द्या आणि कलावंतांना सोडा.

मी प्रकाशयोजना करतो. मांडणीच्या दिवशी सकाळपासून नाट्यगृहात असतो, त्यामुळे प्रेक्षकांना न दिसणारं नाट्यगृहही पाहतो. तिथली मोठी उधळपट्टी नाटक चालू असताना होतच नाही. ती होते पडदा उघडण्याआधी, पडल्यानंतर आणि दाराबाहेर. तिथे हात घातला तर नाटकाच्या केसालाही धक्का लागत नाही.

आता एकेक मुद्दा.

"नाट्यगृहाचा वाटा शून्य." कसिनो आणि पंचतारांकित हॉटेलं कितीतरी जास्त वीज खातात, हे मान्य. पण पणजीची कला अकादमी, मडगाव, कुडचडे, साखळी, बायणा इथली रवींद्र भवनं, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर या आपल्या पैशाने उभ्या राहिलेल्या आणि आपल्याच पैशाने चालणाऱ्या वास्तू आहेत. गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, त्यातला मोठा भाग कोरबा, विंध्याचलसारख्या कोळशावरच्या केंद्रांतून. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कसिनोवर आपला ताबा नाही, या वास्तूंवर आहे. त्यांचं वीजबिल उतरलं तर मंडळांनी भाडं कमी करण्याची मागणी नक्की करावी. मी स्वतः करतो.

"एसी कमी केला तर प्रेक्षक घामाघूम होऊन उठून जाईल." इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त भीती याच वाक्याने पसरली आहे. प्रयोगाच्या वेळी एसी बंद करा, असं कोणीही शहाणा माणूस म्हणत नाही. गोव्याच्या दमट हवेत भरलेलं बंद प्रेक्षागृह थंड ठेवावंच लागतं. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ९०० प्रेक्षक म्हणजे ९० किलोवॅट, आणि तेवढी ओढून घ्यायलाच २५ टनांहून अधिक क्षमतेचा एसी लागतो. बाहेरून घेतलेली दमट हवा आणि रंगमंचावरचे दिवे वेगळेच.

पण हेच गणित उलट बाजूने वाचा. दुपारी दोन वाजता सेट लागत असतो तेव्हा आत पंधरा माणसं असतात, तरीही अनेकदा एसी ९०० जणांसाठी चालतो. मागचं मोठं दार टेम्पोतून सामान उतरवायला सताड उघडं असतं आणि नदीवरची दमट हवा आत येत राहते. प्रयोग साडेसहाला असेल तर थंडावा साधारण पाऊणएक तास आधी सुरू केला तरी पुरतो. मांडणीच्या वेळी रंगमंचापुरता वेगळा एसी किंवा मोठे पंखे चालतात. बाहेरची हवा किती घ्यायची हे आत माणसं किती आहेत त्यावर ठरवणारे सेन्सर आता सहज मिळतात. तापमान २० ऐवजी २४ वर ठेवलं तर दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि पुढच्या रांगेतल्या आजींना शाल आणावी लागत नाही.

गॅस गळतीबद्दल मात्र त्या मजकुरात अक्षरही नाही, आणि मला हा मुद्दा सगळ्यात गंभीर वाटतो. एसीत वापरला जाणारा आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २,००० पटींहून अधिक तापमानवाढ करतो. असा १० किलो गॅस गळला तर ते २० टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. वरच्या हिशेबाने तेवढ्यात जवळपास ३० हजार युनिट वीज वापरून झाली असती. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या भागाची जाळी आणि जोड झिजतात, गॅस हळूहळू निघून जातो, आणि दर वर्षी नुसता "गॅस भरला" अशी नोंद होते. गळती शोधून जोड दुरुस्त करायचं काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्याचं उद्घाटनही होत नाही. नाट्यगृहाने वर्षात एकच गोष्ट करायची ठरवली तर मी हीच सांगेन.

"एलईडीने नाटकाचा प्राण जातो." ही तक्रार माझ्या क्षेत्रातली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. स्वस्त एलईडीखाली चेहऱ्याची रंगभूषा मेलेली दिसते, शालूचा जांभळा रंग भलताच होतो, आणि संथ फेड-आऊट, म्हणजे प्रकाश हळूहळू विझवणं, शेवटच्या टप्प्यात पायरीपायरीने तुटतं. टंगस्टनचा, म्हणजे तारेचा जुना दिवा मंद होता होता उबदार होत जातो, ती गोष्ट एलईडीकडून करून घ्यायला चांगलं यंत्र आणि नीट बसवलेला डिमिंग कर्व्ह (दिवा कोणत्या गतीने मंद व्हावा याचं गणित) लागतो. २०१८ साली युरोपातल्या रंगकर्मींनी अशा जुन्या दिव्यांवरच्या प्रस्तावित सरसकट बंदीविरुद्ध आवाज उठवला आणि रंगमंचाच्या दिव्यांसाठी सवलती मिळवल्या. त्यांचं बरोबर होतं.

पण त्यातून "काहीच बदलू नका" असं निघत नाही. १,००० वॅटचे ३० पार कॅन (रंगमंचाचे डब्यासारखे जुने दिवे) पूर्ण तेजावर असले तर ३० किलोवॅट वीज जाते. ती जवळजवळ सगळी उष्णताच होते आणि ती काढायला आणखी साडेआठ टन एसी लागतो. एकाच दिव्याचं बिल आपण दोनदा भरतो. रंगीत वॉश (रंगमंचभर पसरणारा रंगीत प्रकाश) आणि सायक्लोरामाचे (मागच्या मोठ्या कोऱ्या पडद्याचे) दिवे आधी एलईडी करावेत. तिथे फरक प्रेक्षकाला कळत नाही आणि दिव्यांपुढे लावलेले, जळून फिकट होणारे रंगीत जिलेटिनचे कागदही वाचतात. चेहऱ्यावरचा समोरचा प्रकाश चांगल्या रंगगुणाचे दिवे घेता येतील तेव्हाच बदलावा, आणि खरेदीआधी एका संध्याकाळी प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार आणि दोन नटांना बोलावून दिवे पेटवून पाहावेत. निविदेत फक्त वॅट आणि किंमत लिहिली की नको ते दिवे येतात. नऊवारीत, दागिन्यांत आणि टोपात उभं राहून संगीत नाटकातली पदं म्हणणाऱ्या नटांना विचारा, डोक्यावरची ती आग कमी झाली तर नाटकाचा प्राण जातो की त्यांचा वाचतो. आणि मांडणी चालू असताना रंगमंचाचे मोठे दिवे जाळायची तर काहीच गरज नाही, चार साध्या एलईडी बॅटन पुरतात. हे आजपासून, फुकटात करता येतं.

"जुनं सामान वापरलं तर नेपथ्य दरिद्री दिसतं." गोव्यात हे वाक्य कोणी लिहावं याचं मला वाईट वाटतं. आपली उत्सवी रंगभूमी भाड्याच्या पडद्यांवर उभी राहिली. तोच दरबार, तेच जंगल, तोच रस्ता एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत गेला, आणि त्यांच्यापुढे उभं राहून नट घडले. आज स्पर्धेचा प्रयोग संपला की प्लायवूडचे फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या भिंती) मागच्या बाजूला पडतात, एका पावसात फुगतात आणि कचऱ्यात जातात. शोभेच्या थर्माकोलवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तशीच १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी फलकांवरही. ब्रिटनमधल्या रंगकर्मींनी तयार केलेल्या 'थिएटर ग्रीन बुक'ने साहित्याबाबत पायाभूत पातळीवर एवढंच मागितलं आहे : निम्मं साहित्य आधी वापरलेलं असावं आणि ६५ टक्के पुढे वापरात जावं. आपल्याकडे एकाच रंगमंचावर एका स्पर्धेत ओळीने मंडळं उतरतात. ठरलेल्या मापाच्या लेव्हल (उंचवट्याचे चौथरे), फ्लॅट, दारं, खिडक्या आणि जिने नाट्यगृहाने ठेवले तर वाळपई किंवा काणकोणहून येणाऱ्या मंडळाला अर्धा टेम्पो कमी लागेल. मात्र त्यासाठी कोरडी, उंच, वाळवी न लागणारी खोली हवी. गोव्यातल्या पावसाळ्यात ती नसेल तर ही योजना एका वर्षात कुजते.

"सोलर लावा, मोबाइलवर तिकीट द्या, झालं." सोलर जरूर लावा. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटांच्या आसपास देतात, जून ते सप्टेंबर बरेच कमी. नाटक संध्याकाळी, ऊन दुपारी, म्हणून नेट मीटरिंग (दुपारची जास्तीची वीज जाळ्यात देऊन ती बिलातून वळती करणं) हवं. पण आधी गळती आणि उधळपट्टी थांबवली तर लहान यंत्रणा पुरते, हा क्रम महत्त्वाचा. कागदी तिकिटांचा भार इतका थोडा आहे की त्यावर वेळ घालवू नये.

शेवटचा दावा : "प्रेक्षक कसा येतो याच्याशी नाट्यगृहाचा संबंध नाही." गणित करून पाहू. ९०० प्रेक्षक, ३०० गाड्या, प्रत्येकीचा जाऊन-येऊन ३० किलोमीटरचा प्रवास, लिटरला १५ किलोमीटर. पेट्रोल ६०० लिटर, म्हणजे सुमारे १,३८० किलो कार्बन डायऑक्साइड. त्याच प्रयोगाला ६०० युनिट वीज लागली असं धरलं तरी ते ४२० किलो. दाराबाहेरचा भार आतल्या भाराच्या तिप्पट भरतो.

आणि संबंध आहे, कारण वेळ नाट्यगृह ठरवतं. देवळापुढचं नाटक किंवा काला (गोव्यातलं लोकनाट्य) रात्रभर चालायचा, गावकरी चालत यायचे आणि उजाडल्यावर चालत जायचे. आता प्रयोग रात्री सुटतो तेव्हा पेडण्याला किंवा सत्तरीला जाणारी बस नसते, म्हणून माणूस गाडी काढतो किंवा येतच नाही. रविवारी चारचा प्रयोग ठेवला तर परतीची बस मिळते. रात्रीचा ठेवायचा असेल तर कदंबशी (गोव्याच्या सरकारी बससेवेशी) बोलून प्रयोग सुटल्यावर दोन दिशांना बस सोडता येईल आणि तिचं भाडं तिकिटातच घेता येईल. मुंबई-पुण्याची नाटकं गोव्यात येतात तेव्हा पणजी, फोंडा, मडगाव, साखळी इथल्या तारखा एकमेकींना लागून मिळाल्या तर ट्रकची जाऊन-येऊन शेकडो किलोमीटरची फेरी चार प्रयोगांत वाटली जाते, आणि डिचोलीच्या माणसाला पणजी गाठावी लागत नाही. त्यासाठी या सगळ्या नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांनी तारखांची एक सामाईक वही ठेवायला हवी.

तो मजकूर पुढे पाठवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. पुढच्या तारखेचा अर्ज द्याल तेव्हा सोबत दोन ओळींचं पत्र द्या : एसीला आणि रंगमंचाच्या दिव्यांना वेगळे मीटर बसवा, आणि आमच्या प्रयोगाला किती युनिट लागले ते भाड्याच्या पावतीवर लिहून द्या.